परत करायचा पट्टा

भालचंद्रांच्या उजव्या टाचेला खाज सुटली की कुमुदताई आपली टाच खाजवत, आणि भालचंद्रांना बरं वाटे. गँगरीनमुळे त्यांचा पाय गुडघ्याखालून कापला होता. मेंदूला मात्र ते कोणी कळवलं नव्हतं. म्हणून नसलेल्या पायाची जाणीव बायकोच्या पायात उतरवणारा पट्टा दवाखान्याने दिला होता. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं.

गेले पंधरा दिवस मात्र पट्टा गप्प होता. "मेंदू पाय विसरला. उत्तम प्रगती," म्हणत डॉक्टरांनी तो परत मागितला. कुमुदताईंनी खरं तर पेढे वाटायला हवे होते. त्यांनी पट्टा पुसून खोक्यात भरला आणि मटार सोलताना दाणे सालांच्या टोपलीत टाकत बसल्या.

"अगं, टाचेला खाज आलीय," पेपरामागून भालचंद्र म्हणाले.

"अहो, पट्टा खोक्यात भरलाय."

"मग? खाज काय खोक्याला विचारून येते?"

नवरा धडधडीत खोटं बोलतोय, हे कुमुदताईंना कळलं. त्यांनी मटार बाजूला सारले, आपला उजवा पाय मांडीवर घेतला आणि टाच खाजवू लागल्या.

"जरा वर," ते म्हणाले. "अजून."