शनिवारचा हात

"आता वर्षभर पाण्यात हात घालायला नको, बाबा," मृण्मयी म्हणाली. दर शनिवारी फिशटँकची काच आतून हातानं पुसून, पाणी बदलायला बादल्या उचलून गजाननरावांची कंबर धरायची, म्हणून तिनं टँकला नवा फिल्टर पंधरा दिवस लावून पाहिला होता. पाणी अगदी नितळ झालं होतं. "ठेवायचा ना?"

"ज्याचं घर त्याला विचारू की," म्हणत त्यांनी काचेवर चिकटवलेली, माशांचं बोलणं मराठीत सांगणारी डबी चालू केली. म्हातारा गोल्डफिश सोन्या जवळ आला. एरवी तो "भूक" यापलीकडे काही बोलत नसे.

डबी जरा घुटमळली, मग बोलली, "हात येत नाही."

गजाननराव बाही वर सारू लागले. मृण्मयीनं फिल्टर बंद केला आणि न्हाणीतली बादली उचलली.

"पाणी मी आणते," ती म्हणाली. "हात तेवढा तुमचाच लागेल."