जागा नुकतीच गेली

"ड्राइव्हवे मोकळा असताना गाडी दोन घरं सोडून का लावलीस गं?" शुभाकाकूंनी चहा पुढे करत विचारलं.

"बर्फात रिव्हर्स घ्यायची भीती वाटते, काकू," अपर्णा म्हणाली. "मैत्रीण बसलीय गाडीत. तिचा कॉल चालू आहे."

"बिचारी! तिच्यासाठी डब्यात लाडू देते."

मुलगी काकूंना पसंत पडल्यात जमा होती. पडायलाच हवी होती. त्र्यंबकराव गेल्यापासून ट्रॉय गावातल्या या एवढ्या मोठ्या घरात त्या एकट्याच. देवांगने कॅलिफोर्नियातून निक्षून सांगितलं होतं, "आई, या महिन्यात बेसमेंटला टेनंट मिळाला नाही, तर वी आर सेलिंग." लेक बोलतो ते करतो, बापावर गेलेला. पण त्र्यंबकरावांनी स्वतः रंगवलेल्या भिंती सोडून मुलाच्या गेस्टरूममध्ये शोकेसमधल्या बाहुलीसारखं बसायचं, हे काकूंच्या जिवावर आलं होतं.

"दाते म्हणजे कुठले तुम्ही?"

"पुण्याचेच."

"सदाशिव पेठ?"

"नारायण."

"अगं बाई! आणि गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या?"

"खड्यांच्या."

काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी जात विचारली नाही. त्या कुणालाच कधी विचारत नसत.

भिंतीवर तरुण त्र्यंबकराव एका उंच गोऱ्या बाईशेजारी उभे होते. अपर्णा तिकडे बघत राहिली.

"मार्था ती," काकू म्हणाल्या. "आमच्या घरातला देवच म्हण. आम्ही इथे नवे होतो. अपार्टमेंट बघायला गेलो, तर मालक आमची तोंडं बघून म्हणाला, सॉरी, नुकतंच गेलं. यांना आला संशय. कातडी बघून कुणाला घर नाकारायचं नाही, असा कायदा होता ना! इथल्या काळ्या लोकांनी रक्त आटवून मिळवलेला. मग एका संस्थेने या मार्थाला तिथेच पाठवलं, भाडेकरू म्हणून. आणि त्या मेल्याने तिला हसत हसत किल्ली काढून दाखवली! कोर्टात तोंड उघडायला जागा उरली नाही त्याला."

इथे काकूंचे डोळे दरवेळी भरत. आजही भरले. पदर नव्हता, म्हणून त्यांनी स्वेटरच्या बाहीला पुसले.

"तुम्हाला खूप लागलं असेल ना, काकू, तेव्हा?"

"लागणार नाही? आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. जाऊ दे. ही घे किल्ली, आजपासून बेसमेंट तुझं."

अपर्णाने किल्ली घेतली, पण मुठीत धरून तशीच बसली.

"कुणीतरी म्हणालं, जागा कालच गेली म्हणून?"

"ते होय!" काकू हसल्या. "उपासना नावाची मुलगी आली होती, नागपूरची. बोलायला गोड, नोकरी चांगली. सगळं ठरत आलं आणि विचारते, भिंतीवर निळ्या कोटातल्या साहेबांचा फोटो लावला तर चालेल ना? मग काय, म्हटलं, अगं, जागा नुकतीच गेली बघ. माझ्या मनात काही नसतं हो. पण स्वयंपाकघर एकच ना आपलं. गडबडीत तिला पाणी विचारायचंही राहिलं."

अपर्णाने मान डोलावली. चहा तिने तसाच ठेवला होता. "येते, काकू," एवढंच म्हणून ती गेली.

आणि डबा टेबलावरच राहिला.

"वेंधळी गं बाई!" म्हणत काकू सपातांवरच बर्फातून निघाल्या. पायांना गारठा कळत नव्हता. घर हातात राहिलं होतं. आता घरात जाऊन पहिला फोन देवांगला.

गाडी सुरूच होती. काकूंनी धापा टाकत ड्रायव्हरच्या बाजूची काच वाजवली.

"अगं, तुझे लाडू राहिले!"

काच खाली आली. उपासनाने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात पुढे करून डबा घेतला.