डबीतली मशिनं

"कानातली मशिनं काढायची का?" तपासणीच्या कमानीपाशी फोरमननी पहारेकऱ्याला विचारलं. आवाज असा, की मागची सगळी रांग वळून बघायला लागली.

पहारेकऱ्यानं हातानंच 'राहू द्या' म्हटलं.

"राहू द्या म्हणाला," फोरमननी बायकोला सांगितलं.

"ऐकलं. तुमचं तर विमानतळानं ऐकलं," ती म्हणाली आणि ट्रेमधली पर्स उचलायला गेली.

छापखान्यात छत्तीस वर्षं फोरमनकी केली, त्या धडधडाटात कान गेले. आता दोन्ही कानांमागे दुरूनही दिसतील अशी मोठी मशिनं. त्यांचे जादा सेल, नारिंगी पट्टीचे, बायकोच्या पर्समध्ये होते. सेल मोठ्या बॅगेत टाकायचे नाहीत, जवळ ठेवायचे, हे तिनं लेकीला फोनवर दोनदा विचारून घेतलं होतं.

पण फोरमनकडे दुसरीही जोडी होती, आणि ती कुणालाच माहीत नव्हती. शेंगदाण्याएवढी, कानाच्या आत गडप होणारी. मोठी मशिनं चारचौघांदेखत काढायची, डबीत ठेवायची, डबी टक्कन मिटायची. मग रुमालानं कान पुसता पुसता छोटी आत सरकवायची. झालं काम! समोरची माणसं बोलायला मोकळी सुटतात. जावई आपल्याला 'हट्टी म्हातारा' म्हणतो, हे त्यांना असंच कळलं होतं. तोंडावर बोलतात ती रीतभात, पाठीमागे बोलतात ते खरं, असा त्यांचा हिशेब. तोंडावर सांगितलेलं त्यांना आजवर कधी पटलं नव्हतं.

लेक दोन वर्षं मागे लागली होती, कायमचे या म्हणून. बायकोनंही एकदा विषय काढून पाहिला. "आठ दिवस," फोरमन म्हणाले होते. "नवव्या दिवशी आपलं घर." परतीची तिकिटं त्यांच्याच खिशात होती.

विमानात ते कडेला बसले, बायको मध्ये, आणि खिडकीशी एका शाळेतल्या चित्रकलेच्या बाई.

"इंजिनाचा आवाज सोसत नाही मला," असं जाहीर करून फोरमननी मशिनं काढली. डबी टक्कन वाजली. मग रुमाल निघाला. मग डोळे मिटले.

"आता ह्यांना ढोल वाजवला तरी पत्ता नाही," बायको बाईंना म्हणाली. फोरमन मनातल्या मनात हसले.

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग बाईंनी विचारलं, "लेकीकडे आठच दिवस?"

"ह्यांना घराबाहेर करमत नाही. मला मात्र आता तिथं एकटीला भीती वाटते."

"एकट्या कुठे? हे आहेत ना!"

"चार महिन्यांपूर्वी मी बाथरूममध्ये पडले. पाय हलेना. हाका मारत होते. हे पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते, मशिनं डबीत. पाऊण तास पडून होते हो. शेवटी बादलीला धरून कशीबशी उठले."

"अगं बाई! मग?"

"मग काय, चहा टाकला. 'आज इतका उशीर?' म्हणाले. म्हटलं, नळ गळत होता."

तो चहा फोरमनना आठवत होता. साखर कमी झाली म्हणून ते कुरकुरलेही होते. आणि ही कमरेला हात लावून उभी होती, तेव्हा आपण पेपरचं पान उलटलं! स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. डोळे मिटलेले ठेवणं कठीण झालं.

"हे तुम्ही त्यांना सांगत का नाही?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात फोरमनच्या उजव्या कानात टुंग टुंग झालं, पाठोपाठ डाव्या. सेल संपले! जादाचे घरीच राहिले होते, कुणाला सापडू नयेत म्हणून लपवलेल्या जागी. ह्यालाच म्हणतात, अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

त्यांनी पापणी किलकिली केली. बायकोचे ओठ हलत होते. एक शब्द ऐकू येईना. बाईंनी मात्र फोरमनकडे पाहिलं आणि तोंडावर हात दाबून हसू आवरलं. बायको नेहमीचीच अशी, दुःखाचीही चेष्टा करून मोकळी होते, असं वाटून त्यांना आणखीच भरून आलं. ते उत्तर ऐकण्यासाठी त्यांनी काय वाटेल ते दिलं असतं.

विमान उतरलं. फोरमननी पुन्हा रुमाल काढला, मोठी मशिनं चढवली, आणि सामानाच्या पट्ट्यापाशी येताच बायकोला थांबवलं.

"ऐक," ते म्हणाले. "परतीची तिकिटं रद्द. आपण लेकीकडेच राहायचं."

"अहो, असं अचानक?"

"अचानक बिचानक काही नाही. डोळे मिटून शांतपणे विचार केला."

"घराची आठवण येईल तुम्हाला."

"येऊ दे. हाकेला ओ देणारं कुणीतरी..." ते चपापले. "म्हणजे, घरात चार माणसं असलेली बरी. मला कुणी सांगावं लागत नाही."

"छे, तुम्हाला कोण सांगणार!" ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. फोरमनना फार बरं वाटलं. तिला तोंड उघडावं लागलं नाही, आणि आपलं गुपितही शाबूत राहिलं. त्यांनी ऐटीत पट्ट्यावरची बॅग उचलली.

बायकोनं पर्स उघडली. नारिंगी पट्टीच्या सेलांखालून तिनं पिवळ्या पट्टीचं एक बारीकसं पाकीट काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"हे घ्या, छोट्यांचे. जुन्या कॅमेऱ्याच्या कव्हरातच विसरून निघाला होतात."