बरं हाय की

डॉक्टर मगदूमांनी एक पट्टा चौगुलेमावशींच्या मनगटावर बांधला आणि दुसरा स्वतःच्या. शहरातल्या प्रशिक्षणात गावोगावच्या डॉक्टरांना एकाचं दुखणं दुसऱ्याला जाणवून देणारे हे पट्टे मिळाले होते. कॅन्सरच्या पेशंटला किती दुखतंय हे नुसतं विचारायचं नाही, स्वतः सोसून बघायचं, असं तिथं शिकवलं होतं.

पट्ट्यावरचं बटण दाबण्याआधी सवयीनं त्यांनी विचारलंच, "काय मावशी, कसं काय?"

"बरं हाय की," मावशी हसून म्हणाल्या.

उन्हाळाभर त्या हेच म्हणत होत्या. कॅन्सर मणक्यात उतरला तरी मगदूम त्यांना साध्या गोळ्याच देत राहिले. मॉर्फिन कपाटात होतं, पण हसत्या बाईला एवढं जालीम औषध कशाला, असं त्यांना वाटायचं.

त्यांनी बटण दाबलं.

कंबरेत कुणी तापलेली पहार खुपसून पिळावी तशी कळ आली. टेबलाची कड धरून ते कसेबसे उभे राहिले. समोर मावशी पदर सावरत तशाच हसत होत्या.

मगदूमांना आपली आई आठवली. शेवटच्या आजारात तीही हसून 'बरं आहे'च म्हणायची, आणि मुलगा डॉक्टर असून त्यानं ते खरं मानलं होतं.

"अगं बया! डाक्टर, घाम फुटलाय की तुमास्नी. काय हुतंय?" मावशींनी घाबरून विचारलं.

कपाटाकडे वळता वळता मगदूमांनी डोळे पुसले. शब्द आपसूकच तोंडून निघाले.

"काही नाही, मावशी. बरं आहे."