भरली डोली

डोली वाडीखालच्या उताराला लागली तेव्हाच रामा म्हणाला, "लीडरसाहेब, तुमचा पाय मुरगळलाय का वजन वाढलंय?"

डोलीतला लीडर हसला. बाकीचे तिघे हसले नाहीत. उतारावर हसायलाही दम लागतो.

मुंबईच्या ट्रेकवाल्यांचा हा तिसरा दिवस. रसाळगड झाला, सुमारगड झाला. वाट दाखवायला धोंडू. काल संध्याकाळी सुमारगडाच्या पडक्या तटावर बसून लीडरने आपल्या मंडळींना मावळ्यांच्या गोष्टी सांगितल्या. जिवाला जीव देणारी माणसं होती ती, म्हणाला. आज सकाळी गड उतरताना त्याचा पाय मुरगळला. धोंडूने त्याला पाठीवर घालून आपल्या घरी आणला.

धोंडूची बायको हौसा, दिवस भरत आलेली. तिने हळद-चुना गरम करून लीडरच्या घोट्याला लावला. बांधायला कापड नव्हतं. बाळंतपणासाठी धुऊन ठेवलेलं जुनं लुगडं होतं. ते तिने टरकन फाडलं आणि लांब पट्टी घट्ट गुंडाळून दिली.

गाडीरस्ता पार खाली, पायथ्याला. लीडरची मंडळी एसटी गाठायला पुढे निघून गेली. वाडीत डोली एकच. एक बांबू आणि त्याला बांधलेली घोंगडी. आणि खांदे चारच. धोंडू, सदू, रामा आणि म्हातारा आप्पा. बाकीचे गडी मुंबईला. गिरण्या बंद पडल्या तरी परत आले नाहीत. जे आले ते लोट्याला कंपनीत गेले.

अर्धा डोंगर उतरला आणि वरून कुकारा आला. बाईचा आवाज. मग शेजारची काशी घसरत, काट्यांतून वाट काढत खाली आली. पायात काही नव्हतं.

"धोंडूभावजी, हौसाचं पोट दुखाया लागलंय. पोर आडवं हाय. हात भायेर आलाय. सोनूबाय बोल्ली, आपल्या हातातलं न्हाय आता हे. खेडला दवाखान्यात न्यायला हवी. डोली फिरवा."

सोनूबाई म्हणजे धोंडूची आई. अर्ध्या वाडीची बाळंतपणं तिने केलेली. ती असं म्हणाली म्हणजे संपलंच.

चौघे जागच्या जागी उभे राहिले. बांबू खांद्यावरच होता.

भरली डोली फिरवायची नसते. वाडीचा नियम. माणूस बसवून निघालेली डोली अर्ध्या वाटेतून मागे फिरवली, की त्या डोलीत पुढचा जो बसेल तो जगत नाही. नदीला पाणी आलं म्हणून एकदा सदूच्या बापाची डोली फिरवली होती. त्यानंतर तिच्यात वाडीतलीच गंगा बसली. तिने दवाखान्याच्या दारातच जीव सोडला. हे चौघांनी डोळ्यांनी बघितलेलं. आता डोली फिरवली तर पुढची बसणारी हौसाच.

सुटका एकच. बसलेला माणूस आपल्या तोंडाने उतरतो म्हणाला, तर डोली मोकळी होते. हा नियम कोणी केला माहीत नाही. डोली उचलणाऱ्यांनी नक्कीच केला नसणार.

आप्पाने तोंडातली तंबाखू थुंकली. "साहेब, आयकलात ना तुमी. तुमी आपल्या तोंडान उतरतो म्हणा. काशी बसंल तुमच्याजवळ. आमी हौसाला घेऊन ह्याच वाटेन येताव. तुमाला मंग पाठीवर न्हेताव."

लीडर कण्हला. "अहो, पाय टेकवतच नाहीये. नाहीतर उतरलो नसतो का? माणुसकी आम्हालाही आहे. इथे रानात मी काय करू? आणि गाडी गेली तर? आधी मला सोडा खाली, मग पळत या वर. बायकांचं काय, वेळ लागतोच त्यांना."

काशी त्याच्याकडे बघत राहिली. तिला चार झाली होती. दोन जगली होती.

धोंडूच्या मनात आलं, खांदा काढून घ्यावा. नुसता काढून घ्यावा. जाऊ दे घरंगळत. पण मग डोली? रिकामी झाली तरी ती त्याच्या तोंडाने झालेली नसणार. हौसाला तिच्यात कसं बसवायचं? धोंडूला जोर खूप होता आणि त्याचा उपयोग काहीच नव्हता.

"साहेब," तो म्हणाला. आयुष्यात त्याने कोणापुढे हात जोडले नव्हते. आताही जोडता आले नाहीत, एक हात बांबूवर होता. "एकदा म्हणा. उतरतो म्हणा."

लीडरने डोळे मिटून घेतले. "फार ठणकतोय हो," म्हणाला.

काशीला धोंडू म्हणाला, "तिला सांग, आलोच." आणि चौघे पळत सुटले. खाली. हौसापासून लांब. पळत पळत तिच्यापासून लांब. आप्पाच्या छातीचा भाता झाला, रामाचा अंगठा फुटला. कोणी थांबलं नाही. मधून मधून घोंगडीतून आवाज यायचा, "सावकाश, धक्के बसतायत."

सडकेला एसटी उभी होती. मंडळी खिडक्यांतून हात हलवत होती. चौघे शेवटच्या वळणावर आले आणि कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली.

"अरे थांबवा, थांबवा," लीडर ओरडला.

डोली अजून खांद्यावर होती. लीडरने घोंगडी बाजूला सारली, खाली उडी टाकली आणि धावत सुटला. हौसाने बांधलेली पट्टी सुटली आणि त्याच्या मागे धुळीतून लांबच लांब फरपटत गेली. एसटीच्या दाराचा दांडा हाताला लागेपर्यंत लीडर एकदाही लंगडला नाही.