सुई घेतलेला गडी

"सुई घेतल्याबिगर विमानात पाय ठेवलास, तर माझं मेलेलं तोंड बघशील," धोंडाबाईनं निक्षून सांगितलं आणि हातातली भाकरी तव्यावर टाकली.

थोरला ओंकार उंबऱ्यात बसून बुटाची नाडी बांधत होता. युगांडात रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवायला जायचं त्याचं पक्कं झालं होतं. "आये, सुई घेतल्याशिवाय तिकडं घेतच न्हाईत. पिवळ्या तापाचं कार्ड लागतं. आज पुण्याला चाललोय ते कशाला मग?"

"मग मुकाट जा. आन् माऊलीला संगं ने. न्हाईतर मधनंच पळून येशील."

धाकटा माऊली फिदीफिदी हसला. हसणारच! शाळेत लस टोचायला बाई आल्या की ओंकार पेंढ्याच्या गंजीत दडून बसायचा, हे अख्ख्या कुरवंडे गावाला ठाऊक होतं. एवढं धूड पोकलेन खेळण्यासारखं फिरवणारा गडी, पण सुई म्हटली की त्याची पाचावर धारण बसायची.

धोंडाबाईला मात्र हसू येत नव्हतं. तिचं माहेर आंदर मावळात. तिथला तिचा भाचा आदिनाथ असाच आफ्रिकेत कामाला गेला होता. तेव्हा सुईची सक्ती नव्हती, म्हणून सुई नाही, मच्छरदाणी नाही, वर 'मला काय होतंय' ही घमेंड. तापानं फणफणला आणि पेटीतून घरी आला. पेटी उघडूसुद्धा दिली नव्हती. भावजयीनं फोडलेला टाहो अजून धोंडाबाईच्या कानातून जात नव्हता. पोरगं परमुलखात जातंय तर जाऊ दे, पण धडधाकट परत येऊ दे, एवढंच तिचं मागणं होतं.

दिवेलागणीला दोघं भाऊ परत आले, ते नखशिखांत भिजून.

"भुशीच्या धरनावर थांबलो जरा," ओंकार म्हणाला.

"ते मरू दे. सुई?"

ओंकारनं पिवळं कार्ड तिच्यापुढं धरलं. "हे बघ, शिक्का."

"दुखली का रं लय?"

"मुंगी चावल्यावानी," माऊलीच मधे बोलला.

धोंडाबाईनं ओंकारच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. पेंढ्यात दडणारं पोर आईच्या शब्दाखातर सुई घेऊन आलं होतं. तिला अगदी भरून आलं.

पुढं ताप आला तो माऊलीला. अंग ठणकतंय म्हणत घोंगडी ओढून पडला. "धरनावर भिजायची हौस तुला! दादाकडं बघ, सुई टोचून बी ठणठणीत हाय," असं करवादत तिनं त्याला गवती चहाचा काढा पाजला. ताप आला तसा उतरला.

ओंकार निघाला त्या दिवशी अंगणात माणूस मावेना. दोघं भाऊ एका साच्यातून काढल्यासारखे. शेजारचे शिदूआबा तर माऊलीलाच ओंकार समजले, 'तिकडचं पानी बाधतं रं, जपून ऱ्हा' असं सांगून, पाठीवर थाप मारून गेले. सगळे पोट धरून हसले. धोंडाबाई तेवढी हसली नाही. लोणावळ्याच्या डॉक्टरांकडं जाऊन तिनं सगळं विचारून घेतलं होतं आणि आता पोराकडून शाळेतल्या पाढ्यांसारखं ते घोकून घेत होती. पाणी उकळून प्यायचं. उघड्यावरचं खायचं नाही. पुऱ्या बाह्यांचा शर्ट. मच्छरदाणीबिगर पाठ टेकायची नाही.

तो गेल्यावरही तिनं पिच्छा सोडला नाही. व्हिडिओ कॉल लागला की आधी तपासणी, मग ख्यालीखुशाली.

"मच्छरदानी दाव. बाजूनं खोचलीस का? बाह्या खाली कर आदी."

ओंकार निमूटपणे बाह्या खाली करायचा. त्याच्याबरोबरची माणसं मागून हसायची. हसू देत मेली, ती म्हणायची, माझं पोर हसतंखेळतं ऱ्हायलं म्हंजे झालं.

एक दिवस मात्र कॉल आला आणि ओंकारचा चेहरा उतरलेला दिसला.

"आये, जंगलाकडच्या कॅम्पात पिवळा ताप निघालाय. दोघांना दवाखान्यात नेलं. तिथलं काम अडलंय. साहेब म्हणतोय, कार्डवाल्यांनीच तिकडं जायचं."

"मग?"

"मग..." तो घुटमळला. "मी घरी येऊ का परत? तू नुसतं ये म्हण."

धोंडाबाईचं काळीज हललं. भाच्याची ती पेटी डोळ्यांपुढं आली. 'ये' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण डॉक्टर काय म्हणाले होते? मावशी, ही सुई घेतली की पिवळ्या तापाची काळजी सोडा, जन्मभराची. आईच अशी कच खायला लागली तर पोरानं कुणाच्या जिवावर उभं राहायचं?

"आरं येड्या, तू कशाला भितोस? ज्यांनी घेतली न्हाई, त्यांनी भ्यावं. जा बिनघोर. मच्छरदानी तेवढी संगं ने."

ओंकारनं बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या.

"बरं. तू म्हणतीस तर जातो," तो म्हणाला. "गाडी उभीच हाय."

तिनं फोन खाली ठेवला. आत कुठंतरी बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपल्या भीतीला पोराच्या आड येऊ दिलं नव्हतं.

माऊली धार काढून आत आला. तिला राहवेना.

"तुझा दादा वाघ हाय वाघ! पिवळा ताप निघालाय त्या कॅम्पात चाललाय. भीत हुता, मीच जा म्हनलं. सुई घेतलेल्या गड्याला कसलं भ्या?"

माऊलीनं चरवी तिथंच टेकवली. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला.

"आये, फोन लाव. आदी फोन लाव त्याला."

"का रं? काय झालं?"

"दादा त्या दिवशी दवाखान्याच्या दारातनंच मागं फिरला गं. त्याच्या नावावर सुई मी टोचून घेतली."