उसनी कबर

पायाची बोटं त्याने दोनदा मोजली. दोन्ही वेळा दहाच भरली.

बर्फाच्या कारखान्यात ताडपत्रीखाली पडलेला तो देह त्याच्या मुलाचा नव्हता. मुलगा सात वर्षांचा असताना बापाच्याच हातून पटाशी निसटली होती आणि डाव्या पायाची करंगळी कायमची गेली होती. म्हातारा सुतार होता, उभं आयुष्य होड्या बांधण्यात गेलेला. मुलगा बुडाला तोही त्याच्याच हातच्या होडीतून.

होडीत दोघे होते. दुसरा जाळीवालीचा मुलगा, तिचा एकुलता एक. नऊ दिवसांनी एकाचाच देह कुणाच्या तरी जाळ्यात आला. चेहरा माशांनी ठेवला नव्हता.

जाळीवाली त्याच्या आधीच आत जाऊन आली होती. अख्ख्या वस्तीची फाटकी जाळी दुरुस्त करणारी ही विधवा. तिने देहाजवळ बसून कपाळावरून हात फिरवला, आणि हवालदाराला म्हणाली, "हा माझा नाही."

सुताराला वाटलं, मोतीबिंदू झालाय बिचारीला, दिसलं नसेल. किंवा दिसूनही आईचं काळीज मानायला तयार नसेल.

"मग तुमचा का?" हवालदाराने विचारलं.

दाराबाहेर सून उभी होती, गुडघ्यापर्यंत ओली. नऊ दिवस तिचा हाच नेम होता. अंधार सरायच्या आत धक्क्यावर जायचं आणि परतणाऱ्या प्रत्येक होडीत डोकावायचं. घरात दोन ताटं वाढली जायची आणि दोन्ही तशीच उचलली जायची. त्यात चार महिन्यांची पोटुशी. अशीच वाट बघत राहिली तर पोटातल्या जिवासकट हातची जाईल, हे सुताराला स्पष्ट दिसत होतं.

"माझाच," तो म्हणाला.

सुनेला त्याने आत जाऊ दिलं नाही. "बघण्यासारखं काही उरलं नाही पोरी. आठवणीत आहे तोच चेहरा राहू दे."

तिने हट्ट धरला नाही. "बाबा, तुमची खात्री आहे ना?" एवढंच विचारलं.

"बापाला नसेल तर कुणाला असेल?"

तिने मान खाली घातली.

शवपेटी त्याने स्वतःच बनवली. दफनाच्या वेळी फादर म्हणाले, "समुद्राने नेलेलं देवाने या घराला परत दिलं." सुताराला वाटलं, धरणी दुभंगावी आणि तिने आपल्यालाच आत ओढावं. घरी आल्यावर भूक नसतानाही त्याने सुनेच्या देखत चार घास खाल्ले, तिला धीर यावा म्हणून. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि आपलंही ताट पुढे ओढलं. दुसऱ्या दिवसापासून तिचं धक्क्यावर जाणं बंद झालं. खोटं का होईना, औषध लागू पडलं होतं.

मात्र त्याचं मन त्याला खात राहिलं. लोक मासे चोरतात, वल्ही चोरतात, शेजाऱ्याची कोंबडी चोरतात. दुसऱ्याचं मढं चोरणारा तो एकटाच निघाला. रविवारच्या प्रार्थनेला तो शेवटच्या बाकावर बसू लागला आणि प्रसाद म्हणून मिळणारं ख्रिस्तशरीर घ्यायला पुढे जाईना. गुडघे दुखतात म्हणायचा. कबरीवरच्या क्रूसावर नाव कोरायचं राहिलं होतं. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचा, सवड होत नाही. सुतारालाच लाकडाला हात लावायला सवड नाही म्हटल्यावर लोक काय ते समजायचे.

त्यात दर रविवारी जाळीवाली कबरीवर यायची. गवत उपटायची, मेणबत्ती लावायची. "जिवलग होते दोघं," म्हणायची. सून बाजूला सरकून तिला जागा करून द्यायची आणि दोघी एकाच मेणबत्तीपाशी बसून राहायच्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. म्हातारीने नुसतं मान वर करून पाहिलं तरी सुतार पाठ फिरवून घराकडे निघायचा.

बाळंतपण सुखरूप पार पडू दे, मग सांगेन, असं त्याने देवाला बजावलं होतं. मुलगी झाली. आठव्या दिवशी त्याने फादरांपुढे पापाची कबुली दिली.

फादरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "देव क्षमा करतो रे. पण ज्याचं त्याला परत द्यावं लागतं."

"सून पुन्हा धक्क्यावर जाऊन बसेल, फादर."

"आणि ती आई? तिने कुठे जाऊन रडायचं?"

दुपारी सुतार जाळीवालीच्या दारात जाऊन उभा राहिला. ती उंबऱ्यात जाळं पसरून बसली होती.

"या भाऊजी. नात कशी आहे?"

"बरी आहे. वहिनी, मी तुमचा गुन्हेगार आहे."

"बसा आधी."

"बसायची लायकी नाही माझी. त्या कबरीत माझा मुलगा नाही. तुमचा आहे. मला तिथेच कळलं होतं. सून वाचावी म्हणून खोटं बोललो. काय शिक्षा द्यायची ती द्या."

तो रडू लागला. म्हातारीने हातातली गाठ पुरी केली आणि दातांनी दोरा तोडला.

"कपाळाच्या हाडावरची जुनी खोक लागली होती माझ्या हाताला," ती म्हणाली. "आपलं पोर ओळखायला डोळे कशाला लागतात?"

सुताराने दाराची चौकट धरली. "मग नाही का म्हणालात?"

"देह आणणारी होडी धक्क्याला लागली तेव्हा तुमची सून तिथेच होती, भाऊजी. आपला नवरा नाही हे तिने तेव्हाच बघितलं आणि तशीच पाण्यातून धावत माझ्याकडे आली. पाय सोडेना माझे. म्हणाली, मावशी, माझा आता मिळायचा नाही, पण बाबा नऊ दिवस अन्नाला शिवलेले नाहीत, त्यांना पुरायला तुमचा मुलगा द्या."